गोव्याचा चोरीस

गोव्याचा चोरीस (पोर्तुगीज: शोरिसू) हा डुकराच्या मांसापासून बनवला जाणारा, माडाच्या सुरेपासून केलेला शिरका व लाल मिरचीच्या वाटणात मुरवून वाळवलेला सॉसेजचा एक प्रकार आहे. गोव्यातील कॅथलिक समाजाच्या आहारात त्याला महत्त्वाचे स्थान असून मुंबईतील गोवेकर वस्त्यांतही तो पूर्वापार मिळतो. दोऱ्याने आवळून केलेल्या मण्यांच्या माळेसारखा तो बाजारात टांगलेला दिसतो. चोरीस टिकाऊ असला तरी तो कच्चा पदार्थ आहे. खाण्यापूर्वी तो पूर्णपणे शिजवावा लागतो. ही गोष्ट गोव्यातील घरांत गृहीत धरलेली असते, मात्र पर्यटक, तसेच युरोपीय पद्धतीचे वाळवलेले सॉसेज तसेच कापून खाण्याची सवय असलेले लोक या बाबतीत अनेकदा चुकतात.

पार्श्वभूमी

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला आणि १९६१ पर्यंत त्यांची सत्ता तेथे राहिली. मांस मीठ लावून, मसाल्यात मुरवून आतड्यात भरण्याची पद्धत त्यांच्याबरोबर आली. पोर्तुगालमधील मूळ पदार्थात लसूण, वाइन व सौम्य लाल मिरचीची भुकटी वापरतात आणि तो बराच काळ धुरावर ठेवतात. गोव्यात द्राक्षांच्या वाइनची जागा माडाच्या शिरक्याने घेतली आणि हळद, आले, जिरे, मिरी, लवंग व दालचिनी यांची भर पडली. तिखट लाल मिरचीही पोर्तुगीजांमुळेच भारतात आली. त्यामुळे ज्याला आज अस्सल गोवेकर चव म्हणतात तिचा प्रमुख घटक मुळात अमेरिका खंडातला आहे.

चोरीस हा मूलतः पावसाळ्याच्या बेगमीचा पदार्थ. जूनपासून मासेमारी बंद होते, बाजार ओस पडतात आणि हवेतील दमटपणामुळे काहीही वाळवणे अशक्य होते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत सुकी मासळी, मिरची, कोकम, चिंच यांबरोबर चोरिसाच्या माळाही घरात भरून ठेवत. या बेगमीला कोंकणीत ‘पुरुमेंत’ म्हणतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि मडगावच्या बाजारात चोरीस विकणाऱ्या स्त्रियांची रांग आजही दिसते.

घडण आणि टिकाऊपणाचे कारण

चोरिसासाठी मांसाचा खिमा करत नाहीत. मांस व चरबी यांचे हाताने लहान चौकोनी तुकडे करतात. त्यांना मीठ चोळून एक-दोन दिवस दाबाखाली ठेवतात, सुटलेले पाणी काढून टाकतात, मग शिरक्यात वाटलेला मसाला लावून पुन्हा मुरवतात. काही घरांत थोडी फेणीही घालतात. हे मिश्रण स्वच्छ केलेल्या आतड्यात भरून, ठरावीक अंतरावर बांधून उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात वाळवले जाते. अलीकडे कृत्रिम आवरणेही वापरली जातात.

या पदार्थाला टिकवणारी एकच गोष्ट नाही. मीठ आणि वाळवण यांमुळे जंतूंना उपलब्ध असलेले पाणी घटते, शिरक्यामुळे आम्लता वाढते, धुरातील काही द्रव्ये पृष्ठभागावरील वाढ रोखतात. प्रत्येक अडथळा एकट्याने अपुरा असतो, पण एकत्रितपणे ते जंतूंची वाढ मंदावतात. येथे वाढ मंदावणे आणि जंतू मरणे यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. चोरिसातील मांसाला शिजण्याइतकी उष्णता तयार होताना कधीही मिळालेली नसते. शिवाय घरगुती चोरिसात मीठ व शिरक्याचे प्रमाण प्रत्येक घरी, किंबहुना प्रत्येक घाण्याला वेगळे असते. अलीकडे कमी आंबट, कमी खारट व ओलसर चोरिसाला मागणी आहे. तो चवीला मवाळ लागतो, पण जुन्या कोरड्या चोरिसाइतका टिकत नाही. अशा मालाला शीतकपाटाशिवाय पर्याय नाही.

संभाव्य धोके

सॉसेज आणि अन्नविषबाधा यांचा संबंध भाषेतच नोंदवलेला आहे. ‘बोट्युलिझम’ हा शब्द सॉसेज या अर्थाच्या ‘बोटुलस’ या लॅटिन शब्दावरून आला. जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग येथील वैद्य व कवी युस्टिनुस केर्नर याने १८२० व १८२२ मध्ये सॉसेज खाऊन पक्षाघात झालेल्या रुग्णांची सविस्तर वर्णने प्रसिद्ध केली. या विषाला कारणीभूत असणारा जीवाणू १८९५ मध्ये बेल्जियममधील एमिल व्हान एरमेन्गेम याने शोधला. हा जीवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो, आणि घट्ट भरलेल्या आतड्याच्या मध्यभागी हवा नसतेच. पुरेशी आम्लता (सामू ४.६ पेक्षा कमी) असल्यास त्याची वाढ होत नाही. मुरवताना सोरा किंवा नायट्राइट वापरण्यामागेही हेच कारण आहे. या विषाला वास किंवा चव नसते; मात्र ते उष्णतेने नष्ट होते, म्हणून व्यवस्थित उकळून शिजवण्याला दुहेरी महत्त्व आहे. सर्वच विषांबाबत असे म्हणता येत नाही. हाताळणाऱ्याच्या हातावरून येणारा स्टॅफिलोकोकस हा जीवाणू अन्न उबदार जागी राहिल्यास जे विष तयार करतो ते उकळल्यानेही जात नाही. दिवसभर बाहेर राहिलेला पदार्थ पुन्हा गरम केला म्हणजे निर्धोक झाला, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

डुकराच्या मांसाच्या संदर्भात फीतकृमीची चर्चा नेहमी होते आणि तिच्यात एक मोठा गोंधळ असतो. या कृमीच्या अळ्या मांसात ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या पांढुरक्या पिशव्यांच्या रूपात असतात. असे मांस अर्धवट शिजवून खाल्ल्यास माणसाच्या आतड्यात पूर्ण वाढलेला फीतकृमी तयार होतो. मेंदूत गाठी होऊन फेफरे येण्याचा जो विकार भारतात बराच आढळतो तो मात्र थेट मांसातून होत नाही; फीतकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतील अंडी दूषित पाणी, कच्च्या भाज्या किंवा न धुतलेले हात यांद्वारे पोटात गेल्याने तो होतो. म्हणूनच तो संपूर्ण शाकाहारी व्यक्तींनाही होऊ शकतो. अर्धकच्च्या मांसामुळे घरातील एका व्यक्तीला फीतकृमी झाला, तर त्याचा उपद्रव सगळ्या घराला पोहोचतो, तो असा. अखंड मांसात या पिशव्या डोळ्यांना दिसू शकतात. मसाल्याने लाल झालेल्या बारीक तुकड्यांत त्या ओळखणे जवळजवळ अशक्य असते. मीठ लावणे, वाळवणे किंवा धुरी देणे यांपैकी कोणत्याही क्रियेने परजीवी खात्रीने मरतात असे मानले जात नाही.

शिजल्याची खूण

साध्या मांसाचा रंग शिजताना गुलाबीवरून करडा होतो आणि बहुतेक लोक त्यावरूनच अंदाज घेतात. चोरिसाच्या बाबतीत ही खूण निरुपयोगी आहे. मिरचीमुळे तो आधी लाल असतो आणि नंतरही लालच राहतो. सोरा किंवा नायट्राइट घातलेले मांस तर पूर्ण शिजल्यावरही गुलाबी दिसते, कारण नायट्राइटपासून होणारे रंगद्रव्य उष्णतेत टिकते. उलट काही मांस पुरेशा तापमानाला पोहोचण्यापूर्वीच तपकिरी दिसू लागते.

विश्वासार्ह मोजमाप तापमानाचेच आहे. डुकराच्या किंवा बोकडाच्या बारीक केलेल्या मांसाच्या सॉसेजचा मध्यभाग ७१ अंश सेल्सियसपर्यंत आणि कोंबडीच्या सॉसेजचा ७४ अंशांपर्यंत तापावा, असे अमेरिकेच्या कृषी खात्याचे मार्गदर्शन आहे. अखंड सॉसेजमध्ये तापमापकाची सुई बाजूने न टोचता टोकाकडून लांबीच्या दिशेने आत सरकवल्यास मध्यभागाचे तापमान नीट कळते. भारतीय स्वयंपाकघरांत असा तापमापक क्वचितच असतो. सुदैवाने गोव्याची पारंपरिक पद्धत त्याची उणीव भासू देत नाही: आवरण काढून मोकळे केलेले लहान तुकडे पाण्यात उकळत ठेवले, की ते काही मिनिटांतच उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या तापमानाला येतात. त्यापुढचा वेळ मुख्यतः मांस मऊ होण्यासाठी लागतो.

घरगुती पाककृती

चार जणांसाठी सुमारे २५० ग्रॅम चोरीस पुरतो. प्रथम दोरे कापून आवरण सोलून काढतात. कृत्रिम आवरण असल्यास ते काढणे अनिवार्यच आहे, आणि दोऱ्याचे तुकडे मिश्रणात राहणार नाहीत याकडे लक्ष द्यावे लागते. आतड्याचे आवरण काही जण ठेवतात, परंतु ते काढल्यास उष्णता सर्वत्र सारखी पोहोचते. मोकळे केलेले तुकडे पातेल्यात घेऊन ते बुडतील इतके पाणी घालतात आणि झाकण ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटे शिजवतात. तेल घालण्याची गरज नसते. चोरिसाची चरबी वितळून लालसर तवंग वर येतो.

हा तवंग कमी करायचा असल्यास याच टप्प्यावर डावाने काढून टाकता येतो. अधिक काटेकोरपणे करायचे तर रस्सा शीतकपाटात ठेवून वर थिजलेला चरबीचा थर उचलून काढतात व मग पुढची कृती करतात. त्यानंतर झाकण काढून पाणी आटवतात, भरपूर चिरलेला कांदा घालून तो पारदर्शक होईपर्यंत परततात. मीठ घालत नाहीत. मुरवतानाचे मीठ सगळ्या पदार्थाला पुरून उरते, आणि सवयीने चिमूटभर घातलेले मीठ हे नवख्या स्वयंपाक्याचे चोरीस बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे.

बटाटा घातल्यास तो मीठ व मसाला शोषून घेतो आणि मांसाचे प्रमाणही आपोआप कमी होते. तथापि आंबट रश्शात बटाटा लवकर मऊ होत नाही, कारण आम्लामुळे वनस्पतींच्या पेशींना जोडणारे पेक्टिन सहज विरघळत नाही. बटाटे आधी अर्धवट उकडून घेतल्यास ही अडचण येत नाही. कडधान्यांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. गोव्यात चोरीस अळसंद्यांबरोबर (चवळीचा एक प्रकार), तसेच ‘फेजोआद’ या पदार्थात राजम्यासारख्या कडधान्याच्या दाण्यांबरोबर शिजवतात. हे दाणे वेगळे शिजवून मगच चोरिसात मिसळावेत. राजम्यात नैसर्गिक विषारी प्रथिन असते. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटे खळखळून उकळल्याशिवाय ते नष्ट होत नाही. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा व चोरीस एकत्र टाकून ठेवणे या कारणाने टाळले जाते. प्रेशर कुकरमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही.

भांड्याचीही निवड करावी लागते. शिरक्यामुळे ॲल्युमिनियम किंवा कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातील धातू अन्नात उतरतो. मातीचे किंवा स्टीलचे भांडे योग्य. जुन्या घरांत चोरीस मातीच्या भांड्यात करण्याचा जो आग्रह असे, त्याला चवीइतकाच हाही आधार आहे.

तयार चोरीस पावात किंवा कोंड्याच्या पोईत भरून खातात. भातात घालून त्याचा पुलावही करतात. गाड्यांवर मिळणारा चोरीस-पाव हा गोव्यातील लोकप्रिय पदार्थ आहे. तेथे मिश्रण मंद आचेवर वाफाळते राहिलेले असेल, म्हणजे ६० अंशांहून अधिक गरम, तर ते सुरक्षित असते. आच बंद करून कोमट ठेवलेल्या पातेल्याबाबत तसे म्हणता येत नाही.

तळणे आणि भाजणे

अखंड चोरीस थेट निखाऱ्यावर भाजण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तीत बाहेरून करपणे व आतून कच्चे राहणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात. शिवाय चरबी निखाऱ्यावर ठिबकून जो धूर होतो त्यात कर्करोगास पोषक अशी द्रव्ये असतात व ती मांसावर बसतात. नायट्राइटयुक्त मांस प्रखर आचेवर तळल्यास नायट्रोसामाइन या गटातील घातक संयुगे तयार होण्याचा संभव वाढतो. पाण्यात शिजवताना तापमान १०० अंशांच्या आसपासच राहत असल्याने हा धोका बराच कमी होतो. भाजायचेच असल्यास आधी पाण्यात पूर्ण शिजवून शेवटी ज्वाळेपासून दूर, केवळ रंग येण्यापुरते भाजणे हा मध्यम मार्ग होय. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता असमान पोहोचते, म्हणून कच्चा चोरीस शिजवण्यासाठी तो फारसा उपयुक्त नाही.

हाताळणी व साठवण

कच्चे मांस नळाखाली धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. चोरीस सोलण्यासाठी वापरलेली सुरी, पाट व हात साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीसाठी कांदा चिरू नये. चोरिसाबरोबर कच्चा कांदा व पाव लागतोच, त्यामुळे ही चूक प्रत्यक्षात वारंवार होते.

पूर्वी माळा चुलीवर टांगत. तेथे सतत धूर व कोरडी ऊब मिळे. गॅसच्या शेगडीवर तशी परिस्थिती नसते, आणि पावसाळ्यातील दमट हवेत उघड्यावर टांगलेल्या माळेला लवकरच बुरशी येते. आजच्या घरात चोरीस हवाबंद डब्यात घालून शीतकपाटात, आणि महिनोन्महिने ठेवायचा असल्यास गोठणकप्प्यात ठेवणे योग्य. गोठवल्याने जीवाणू मरत नाहीत, केवळ थांबतात. परजीवी पुरेशा थंडीत पुरेसा काळ ठेवल्यास मरतात, परंतु घरातील कप्प्याचे तापमान स्थिर नसल्याने त्यावर विसंबून शिजवण्यात कसर करता येत नाही. गोठलेला चोरीस ओट्यावर न ठेवता शीतकपाटातच वितळू द्यावा. पावसाळ्यात वीज गेल्यास दार न उघडलेले शीतकपाट सुमारे चार तास पुरेसे थंड राहते.

खराब झालेल्या चोरिसाची लक्षणे म्हणजे बुळबुळीतपणा, आवरणाखाली हवा धरणे, हिरवट किंवा काळी बुरशी आणि चरबीचा खवट वास. तथापि शिरका व लसणाचा उग्र दर्प इतर वास झाकून टाकतो, म्हणून केवळ नाकावर भरवसा ठेवता येत नाही. वेष्टनातील चोरीस घेताना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख व साठवणीची सूचना पाहता येते. बाजारातील सुट्या माळेवर यातले काहीच नसते. तेथे ओळखीची विक्रेती हीच हमी मानली जाते.

शिजवलेला चोरीस दोन तासांच्या आत, आणि हवा ३२ अंशांहून गरम असल्यास एका तासाच्या आत, उथळ भांड्यात काढून थंड करावा. तो शीतकपाटात तीन ते चार दिवस टिकतो. मुरल्यावर तो अधिक चवदार लागतो असे मानतात व दुसऱ्या दिवशीसाठी मुद्दाम राखून ठेवतात. पुन्हा खाताना तो नुसता कोमट न करता वाफा येईपर्यंत गरम करावा.

आरोग्यविषयक पैलू

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये मीठ लावून, मुरवून किंवा धुरी देऊन टिकवलेल्या मांसाचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा तिचा निष्कर्ष आहे. त्याच गटात तंबाखू असल्याने दोन्ही सारखेच घातक आहेत असा अर्थ वृत्तपत्रांतून काढला गेला. तो बरोबर नाही. गट हा पुरावा किती भक्कम आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. १८ टक्के ही वाढदेखील मूळ शक्यतेच्या तुलनेतील आहे.

दैनंदिन दृष्टीने मिठाचा प्रश्न अधिक जवळचा आहे. प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि चोरिसाच्या जेवणात त्यातला मोठा हिस्सा एकाच वेळी पोटात जातो. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचे विकार असणाऱ्यांसाठी चोरीस पहिल्यांदा उकळलेले पाणी फेकून दुसऱ्या पाण्यात शिजवतात. त्यामुळे मीठ व चरबी दोन्ही कमी होतात, मसाल्याचा जोमही थोडा उतरतो. चोरीस हा मुख्य पदार्थ न समजता बटाटे, कडधान्ये किंवा भात यांना चव देणारा मसाला म्हणून वापरणे ही गोव्यातील सर्वसाधारण कुटुंबांची जुनी रीत आहे. तिचा उगम काटकसरीत असला तरी आहारशास्त्राच्या दृष्टीनेही ती योग्य ठरते.

इतर सॉसेजपासूनचे वेगळेपण

शहरी दुकानांत गोठवलेल्या स्वरूपात मिळणारी कोंबडीची सॉसेज बहुधा कारखान्यात आधीच शिजवलेली असतात व वेष्टनावर तसे लिहिलेले असते. तीही गरम करूनच खाणे इष्ट, कारण शिजवल्यानंतर वेष्टन भरताना लिस्टेरिया हा जीवाणू शिरू शकतो व तो शीतकपाटातील थंडीतही वाढतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये ‘पोलोनी’ या तयार सॉसेजमधून या जीवाणूची साथ पसरली. हजाराहून अधिक लोक आजारी पडले व दोनशेहून अधिक मृत्यू झाले. बळींमध्ये नवजात अर्भकांचे प्रमाण मोठे होते. गर्भवती स्त्रिया, वृद्ध व प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींना अशी सॉसेज वाफाळेपर्यंत गरम करून देण्याचा सल्ला त्यामुळेच दिला जातो. लहान मुलांना देताना गोल चकत्या न करता उभे काप करतात, कारण गुळगुळीत गोल तुकडा घशात अडकून श्वास कोंडू शकतो.

पोर्तुगाल व स्पेनमधील पूर्ण मुरवलेली, वाळवलेली सॉसेज न शिजवता खाल्ली जातात. त्याच नावाची ताजी, कच्ची सॉसेजही त्या देशांत असतात. नावातील साम्यामुळे परदेशी राहणारे गोवेकर व मराठी लोक चोरिसाला पर्याय म्हणून ती वापरतात, तेव्हा माल कोणत्या प्रकारचा आहे हे वेष्टनावर तपासावे लागते. उलट प्रसंगी, म्हणजे गोव्याचा चोरीस परदेशी पाहुण्याच्या हाती पडल्यास, तो कच्चा आहे हे आवर्जून सांगावे लागते.